एल रेमान्सोच्या मेनूकार्डाची छाटणी

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज म्हणजे लिहिण्यासारखं काही असेल तेव्हा.

उभी नोकरी रोसारिओ शहराच्या रस्त्यांवर चिन्हं लावण्यात गेली. कुठे वळा, कुठे थांबा, कुठे शाळा आहे. भरधाव येणाऱ्या माणसाला डोळ्याची पापणी लवायच्या आत निर्णय घेता यावा, हे माझं शास्त्र. गेल्या महिन्यात निवृत्त झालो. आज सकाळी माटेचा कडू चहा ओतता ओतता डेल्मिरा म्हणाली, "एवेलिओ, मसाल्याच्या बाटल्यांवर बाण काढलेस, मी गप्प बसले. पण न्हाणीघराच्या दारावर 'पुढे निसरडा रस्ता'? पुरे झालं आता. चल माझ्याबरोबर हॉटेलात."

एल रेमान्सो हे तिच्या वडिलांनी काढलेलं हॉटेल. रिफायनरीच्या वस्तीत, नदीपासून दोन गल्ल्या आत. स्वयंपाकघर तिच्या हातात, बाहेर आन्सेल्मो वेटर. मी आजवर तिथे फक्त जेवत आलो होतो, आणि तेही डेल्मिरा वाढेल ते. मेनूकार्ड आज पहिल्यांदा उघडलं. बावीस पानं! प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेली, कडेला सॉसचे डाग. नुसत्या मिलानेसाची, म्हणजे चुऱ्यात घोळवून तळलेल्या मांसाच्या कापांचीच, दोन पानं. माणसाने जेवायचं की परीक्षेला बसायचं?

दुपारी पाग्लियारिची नवरा-बायको आले. बसल्यापासून कार्डावर वाकून भांडत होते.

"गुर्दे नकोत तुला. मागच्या वेळी रात्रभर उठून बसला होतास."

"ते गुर्द्यांमुळे नव्हे, तुझा भाऊ मुक्कामाला होता म्हणून."

"माझ्या भावाने तुझं काय खाल्लं?"

"गुर्दे!"

अर्धा तास हेच. शेवटी दोघांनी सारण भरलेली राविओली मागवली. कारण आन्सेल्मो येऊन म्हणाला, "राविओली घ्या." तो सगळ्यांनाच राविओली घ्या म्हणतो. त्याचे गुडघे दुखतात आणि राविओलीचं पातेलं स्वयंपाकघराच्या खिडकीला सर्वांत जवळ असतं.

मी घरी येताना डेल्मिराला म्हटलं, "तुझ्या हॉटेलात वाहतूक तुंबली आहे."

ती म्हणाली, "असू दे तुंबलेली. समोरची रांग बघते ना मी रोज, त्यापुढे इथे तुंबलं तर बरंच." समोर म्हणजे काय ते मला कळलं. समोर नवं बर्गरचं दुकान निघालं आहे. भिंतीवर चारच पदार्थ लिहिलेत आणि पोरांची रांग फुटपाथवरून वळते. संध्याकाळी आपली निम्मी टेबलं रिकामी असताना ती पडद्याआडून तिकडे बघत असते.

१० मार्च, मंगळवार

निर्णय झाला. मी मेनूकार्ड सुधारणार. डेल्मिराला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. डोळे पुसून म्हणाली, "कर. पण मला विचारून कर." मी लगेच विचारलं, "करू का?" ती म्हणाली, "हे नव्हे विचारणं." मग कोणतं, ते काही सांगितलं नाही.

१४ मार्च, शनिवार

बसस्टँडजवळच्या हॉटेलात दिवसभराचं शिबिर केलं. बुएनोस आइरेसहून भोजन-दृष्टीचे तज्ज्ञ तादेओ लुंडग्रेन आले होते. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला आहे. गिऱ्हाइकाची नजर कार्डावर कुठून कुठे फिरते याचे चक्क नकाशे आहेत त्यांच्याकडे! नजर आधी मध्यावर पडते, मग उजवीकडे वर जाते. एका गटात सातच्या वर पदार्थ दिले की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस नेहमीचंच मागवतो. जे खपवायचं असेल त्याच्याभोवती चौकट काढा. जे खपत नाही ते निर्दयपणे कापा. "निवड म्हणजे ओझं," लुंडग्रेन म्हणाले, "आपण हमाल आहोत, ते ओझं उतरवून घ्यायचं."

दुपारच्या जेवणाला लांबलचक टेबलावर चाळीसएक पदार्थ मांडले होते. लुंडग्रेन रिकामी प्लेट घेऊन बराच वेळ त्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. चिंतन चालू असावं. शेवटी पाव घेतला.

१९ मार्च, गुरुवार

कापाकापी सुरू. मोठी अडचण अशी की निम्म्या पदार्थांना माणसांची नावं आहेत. सासऱ्यांची खोड. नेहमीच्या गिऱ्हाइकाला काही आवडलं की ते त्याच्या नावाने कार्डावर चढवायचे. बेव्हिलाक्वा म्हणून निवृत्त औषधविक्रेते आहेत, त्यांच्या नावाचं बटाट्याचं ऑम्लेट आहे. ते खातं कोण? फक्त बेव्हिलाक्वा. आठवड्यातून एकदा. एका माणसासाठी अख्खी ओळ!

त्याहून वाईट म्हणजे 'न्योकी ओनोफ्रे'. न्योकी म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, वर जायफळ. हा पदार्थ फक्त सुलेमाबाई मागवतात, दर गुरुवारी दुपारी, खिडकीजवळच्या टेबलावर. ओनोफ्रे त्यांचे यजमान, वारले त्याला बरीच वर्षं झाली. आज मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. प्लेट जवळजवळ जशीच्या तशी आत गेली. आन्सेल्मोला विचारलं तर म्हणाला, "कायमच अशी जाते, साहेब. त्यांना बटाटा पचत नाही."

पचत नाही तो पदार्थ दर आठवड्याला! लुंडग्रेन म्हणाले होते तेच हे. घाबरलेला माणूस नेहमीचंच मागवतो. या बाईंना सोडवायला हवं.

आणखी एक. आन्सेल्मो प्रत्येक ऑर्डर खिडकीतून आत ओरडून सांगतो. "एक ओनोफ्रे! दोन मिलानेसा! बेव्हिलाक्वा, नीट परता!" मासळीबाजार नुसता. त्याऐवजी आता प्रत्येक पदार्थाला नंबर द्यायचा आणि चिठ्ठी खिडकीत ठेवायची.

"आणि मी काय करू?" आन्सेल्मोने विचारलं.

"चिठ्ठी ठेवायची."

"तोंडाचं काय करू, असं विचारतोय."

"मिटून ठेवायचं."

२७ मार्च, शुक्रवार

नवं कार्ड छापून आलं. एक पान! चोवीस पदार्थ, चार गट. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी हिरवा गट, अंमळ वेळ आहे त्याच्यासाठी पिवळा, निवांत बसणाऱ्यासाठी लाल. सिग्नल कुणाला शिकवावा लागत नाही. चौथा गट गोडाचा, रंगाविना. लाल गटाच्या मध्यावर, काळ्या जाड चौकटीत, निखाऱ्यावर भाजलेली बोगा मासळी. नदी दोन गल्ल्यांवर असताना मासा कुणी मागवत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

डेल्मिराने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "बाबांचं काही उरलं का यात?"

"हॉटेलचं नाव आहे की."

ती कार्ड घेऊन आत गेली. बावीस पानी जुनी कार्डं मी रद्दीत टाकायला बांधून ठेवली होती, ती तीच उचलून घेऊन गेली. "मी बघते त्यांचं," म्हणाली. मनाने साथ देते आहे. बरं वाटलं.

४ एप्रिल, शनिवार

यश! काल-परवापासून बघतो आहे, लोक बसतात आणि मिनिटाभरात सांगून मोकळे होतात. पाग्लियारिची दांपत्यालाही कालच्या शुक्रवारी काही कष्ट पडले नाहीत. दोघांनी हिरव्यातलं एकेक सांगितलं आणि कार्ड मिटलं. त्यानंतर त्या टेबलावर इतकी शांतता, की कॉफी येईपर्यंत दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. तो रस्त्याकडे बघत होता, ती मिठाची बाटली फिरवत होती. पूर्वी तीन वाजेपर्यंत बसायचे, काल दोनच्या आत गेले. टेबल रिकामं झालं.

ते टेबल मग रिकामंच राहिलं, पण तो वेगळा मुद्दा आहे.

७ एप्रिल, मंगळवार

बेव्हिलाक्वा आले. नव्या कार्डावर बोट फिरवत वरपासून खालपर्यंत गेले, मग पान उलटलं. मागे काही नाही. चष्मा काढून मला म्हणाले, "एवेलिओ, मी कधी गेलो?"

"कुठे?"

"वर. मला कुणी कळवलं नाही म्हणून विचारतो. बायकोला सांगायला हवं, ती कपडे इस्त्री करतेय माझे."

मी त्यांना नजरेचा नकाशा काढून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पन्नास वर्षं गोळ्यांच्या दुकानात काढली. हजार बाटल्या फळीवर होत्या, कुणी घाबरून पळालं नाही." आणि न जेवता गेले. समोर गेले! बर्गर खाताना काचेतून माझ्याकडे बघत होते. या वयात त्यांना ते चावता येत नव्हतं, हे इथून दिसत होतं.

१२ एप्रिल, रविवार

आजच्या प्रकाराची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.

दुपारी अर्धी वस्ती जेवायला आली, फुटबॉलचा सामना संध्याकाळी होता. कार्डं वाटली आणि कुजबुज सुरू झाली. मग एक जाडा माणूस, सगळे त्याला टोरो म्हणतात, उभा राहिला. "हे कुणी केलं?" त्याने कार्ड वर धरलं. लाल गट, काळी चौकट.

माझं फुटबॉलकडे कधी लक्ष नव्हतं. ही वस्ती निळ्या-पिवळ्यांची आणि लाल-काळा हा गावातल्या दुसऱ्या क्लबाचा रंग, हे मला माहीत आहे, म्हणजे शहरात कुणाला माहीत नाही? पण छापताना ते डोक्यात आलं नाही, कारण मी सिग्नलचा विचार करत होतो.

"टोरो, तो थांबण्याचा रंग आहे," मी म्हटलं.

"थांबलोच आहोत. इथे आता कुणी लाल-काळ्यातलं खाणार नाही."

निखाऱ्यावर बोगा वाळत पडल्या. सगळ्यांनी हिरव्यातलं मागवलं, हिरव्यात सहाच पदार्थ, आणि दोन वाजता मिलानेसाचं मांस संपलं. डेल्मिरा घाईत तव्याला हात लावून बसली. मनगटावर फोड आला. बर्फ लावताना मी म्हटलं, "चौकट निळी करून घेतो." तिने हात ओढून घेतला.

१६ एप्रिल, गुरुवार

सुलेमाबाई सुटीनंतर आज आल्या. धाकट्या बहिणीकडे कोर्दोबाला होत्या म्हणे. टेबलाशी बसून त्यांनी नेहमीप्रमाणे कार्ड न बघताच आन्सेल्मोला सांगितलं, "एक ओनोफ्रे." आन्सेल्मोने माझ्याकडे बघितलं. मीच पुढे झालो आणि त्यांना समजावून सांगितलं की आता ते नाही, तुम्हाला पचतही नव्हतं, त्यापेक्षा हलकं काहीतरी घ्या, निवड अगदी सोपी केली आहे.

त्या म्हणाल्या, "हो का."

मग खिडकीकडे बघत बसल्या. आम्ही वाट पाहत होतो. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कॉफी चालेल." अर्धी पिऊन गेल्या. निर्णयाची सवय गेली की असं होतं.

आन्सेल्मो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पण त्याला मीच तोंड मिटायला सांगितलं होतं, तेव्हा यात नक्की काय समजायचं, कळत नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

चौकट निळी-पिवळी केली. सुलेमाबाईंनी आज निमूटपणे चौकटीतली बोगा मागवली. नंबर सोळा. चौकट काम करते!

३० एप्रिल, गुरुवार

एक विचित्र गोष्ट लक्षात आली आहे. बायका संडासात फार वेळ लावतात. एकेका टेबलावरून एकेक बाई उठते, दहा-दहा मिनिटं येत नाही. परत येते ती टेबलावरच्यांच्या कानात काही सांगते. आज पाग्लियारिचीबाई तर दोनदा गेल्या, आणि परत आल्यावर नवऱ्याशी कडाकडा भांडल्या. दोघांचे चेहरे कसे फुलले होते.

नळात दोष असावा. पाणी तपासून घ्यायला हवं. साथ पसरली तर समोरच्या दुकानाचं फावेल.

विक्री मात्र वाढते आहे. चिठ्ठ्यांचा आणि विक्रीचा मेळ बसत नाही, पण वाढते आहे. सुधारणा रुजायला वेळ लागतोच.

५ मे, मंगळवार

प्लंबरला बोलावलं. तो बायकांच्या बाजूला गेला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. आला तो हात पुसत म्हणाला, "नळ ठणठणीत आहे साहेब. आता इथवर आलोच आहे तर जेवून जातो. वाइनमधले गुर्दे, कांदा जास्त."

"गुर्दे कार्डावर नाहीत."

"नाहीत?" त्याने आन्सेल्मोकडे बघितलं. आन्सेल्मो छताकडे बघत होता.

आणि पाच मिनिटांत गुर्दे आले. कांदा जास्त.

तेव्हा मी स्वतः आत गेलो. आधी दार ठोठावलं, तशी शिस्त मी सोडली नाही. आरशाशेजारी, खुंट्यांवर दोरीने टांगलेली, एक सोडून तीन जुनी मेनूकार्डं. बावीस-बावीस पानं. खाली खुर्ची. बसायला उशी. उशी आमच्या घरची आहे.

मी तिथेच बसलो. दुसरं काय करणार?

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "आत कोण आहे? लवकर ठरवा की हो!"

६ मे, बुधवार

काल घरी भांडण झालं. म्हणजे मी भांडलो आणि डेल्मिरा इस्त्री करत होती.

"माझ्या पाठीमागे," मी म्हटलं. "संडासात!"

"पुढच्या बाजूला तू होतास. मग कुठे लावणार?"

"इतक्या शास्त्रशुद्ध कामाचं..."

"एवेलिओ, तुझं शास्त्र रस्त्यावर ठीक आहे. रस्त्यावर माणसाला पुढे जायचं असतं. इथे तो बसायला येतो." तिने शर्टाची बाही उलटली. "समोरचं दुकान मलाही टोचतं. माझी झोप उडाली होती, म्हणून तुला करू दिलं. म्हटलं, जमलं तर जमलं. पण सुलेमा कॉफी पिऊन गेली त्या दिवशी मी खिडकीतून बघितलं."

"तिला पचत नव्हतं!"

"ती खायला येते का ते? आन्सेल्मो आत ओरडायचा, 'एक ओनोफ्रे!' मी आतून ओरडायचे, 'आला ओनोफ्रे!' तिच्या घरी आता ते नाव कुणी घेत नाही रे. मुलगी लांब, शेजारीपाजारी नवे. आठवड्यातून एकदा तिला ते मोठ्याने ऐकायला मिळायचं. तू त्याला नंबर दिलास."

नंबर दिला नव्हता. कापलाच होता. पण ही दुरुस्ती करायची वेळ नव्हती, एवढं मलाही कळलं. मी बाहेर जाऊन फाटकाशी उभा राहिलो. मला ओनोफ्रे आठवला. रेल्वेत होता, मोठ्याने शिंकायचा. माझ्या लग्नात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, पोरा, डेल्मिरा सांगेल ते खात जा. खात आलो.

आत येऊन मी म्हटलं, "जुनं कार्ड पुन्हा लावू या."

"सगळं नको," ती म्हणाली. "त्यातले तीसेक पदार्थ मला करता येत नाहीत. बाबांनाही येत नव्हते."

१३ मे, बुधवार

दोघांनी बसून कार्ड केलं. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. पंधरा पानं झाली. पहिल्याच पानावर सगळ्यात वर न्योकी ओनोफ्रे, उजवीकडे, नकाशाप्रमाणे नजर मध्यावरून उठून जाते तिथे. बेव्हिलाक्वांना घरी जाऊन कळवलं की तुम्ही परत आलात. ते म्हणाले, "वर फारशी गर्दी नव्हती." आन्सेल्मोला ओरडायची परवानगी दिली. त्याने लगेच "राविओली!" म्हणून ओरडून पाहिलं. तेव्हा कुणी राविओली मागवलेली नव्हती.

१४ मे, गुरुवार

आजचं मी नीट लिहिलं पाहिजे.

सुलेमाबाई येणार म्हणून सकाळपासून तयारी. डेल्मिराने न्योकी स्वतः वळल्या. खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवलं. बेव्हिलाक्वा आपलं ऑम्लेट पुढ्यात घेऊन मुद्दाम थांबले होते. पाग्लियारिचीही थांबले होते, म्हणजे ते अजून काय खायचं यावर भांडत होते.

बाई आल्या. कोट काढला. बसल्या. मी जाऊन हाताने लिहिलेलं नवं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं, पहिलं पान उघडून. त्यांनी ते नाव वाचलं. त्यावर बोट ठेवलं.

आन्सेल्मोला राहवलं नाही. त्या काही बोलायच्या आतच तो खिडकीकडे वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "एक ओनोफ्रे!"

आतून डेल्मिराचा आवाज, "आला ओनोफ्रे!"

सुलेमाबाई हसल्या. मान हलवली. आणि म्हणाल्या, "अय्या, नको. मला आज बोगा हवी. लिंबू जास्त द्या."

आन्सेल्मोचं तोंड उघडंच. मी झालो पुढे. "सुलेमाबाई, हे तुमच्यासाठी मुद्दाम परत आणलं आहे."

"कळलं मला. फार छान केलंत. असू दे तिथेच, वर." त्यांनी कार्ड मिटलं. "ओरडायलाही सांगा त्याला दर गुरुवारी. पण मला बोगा."

डेल्मिरा बोगा निखाऱ्यावर लावून हात पुसत बाहेर आली. मी तिला इतक्या वर्षांत जेवणाच्या वेळी बाहेर बसताना पाहिलेलं नाही, पण आज ती सरळ सुलेमाबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसली. बोगा आली. बाईंनी ती सावकाश खाल्ली, काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावत, बोटं चाटत. मधेच त्या वाकून डेल्मिराला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी अशा हसायला लागल्या की डेल्मिराने डोळ्यांना पदर... पदर कुठला, अॅप्रन लावला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, काय म्हणत होत्या?

"म्हणत होती, ओनोफ्रेला माशाचा वास सहन व्हायचा नाही. गुड फ्रायडेलासुद्धा अंड्यावर भागवायचा. लग्न झाल्यापासून तिने घरात मासा शिजवला नव्हता. आणि तिला लहानपणापासून बोगा जिवापाड आवडते."

मी बराच विचार केला. मग डेल्मिराला म्हटलं की हे सुलेमाबाईंनी आधीच सांगितलं असतं, तर मी दोन्ही पदार्थ शेजारी-शेजारी घेतले असते.

डेल्मिराने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शेजारी नको रे. वेगवेगळ्या पानांवरच राहू देत."

उद्या छापखान्यात जाईन तेव्हा अंतर किती ठेवायचं ते तिलाच विचारीन.